माझ्या पोटातला भंडारा

मी बोलतेय, धनलक्ष्मीच्या फळीवरची काचेची डबी. अंगानं बुटकी, तोंडानं रुंद. चेहऱ्याला लावायचं क्रीम माझ्यात भरतात. लोक विचारपूस करतात ती आतल्या मालाची, माझ्याकडं कोण बघतंय? पण आज जरा माझं ऐका, कारण जे काही झालं ते माझ्या पोटात झालं.

जन्म कुठल्याशा भट्टीतला, तो फारसा आठवत नाही. खोक्यात बहिणींना चिकटून हैदराबादहून निघाले तेव्हा वाटलं होतं, मोठ्या दुकानात आरशापुढं बसेन. उतरले हळ्ळीखेडला, मेंढरांच्या वाड्यालगतच्या पत्र्याच्या खोलीत. मी नाक मुरडलं. काचेला नाक नसतं म्हणता? मुरडायला येतं की.

धनलक्ष्मी औषधशास्त्र शिकलेली. कलबुर्गीत औषधाच्या दुकानात बरी नोकरी होती, ती सोडून गावी आली आणि डाळमिलमधून तुरीची टरफलं आणून त्यांचा अर्क काढायला बसली. तो अर्क, करडईचं तेल, जवसाचं बुळबुळीत पाणी, यातून तिला नवं क्रीम करायचं होतं. गावानं मनसोक्त हसून घेतलं. ढोरांची चुनी आता बायांच्या तोंडाला, म्हणाले. वडील लिंबाजी तेवढे हसले नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्यांनी एकदाच सांगितलं, हुमनाबादच्या पार्लरवाल्या मंजुश्रीअक्का येतायत, त्यांनी घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर दुकानात परत जायचं, मालकानं जागा राखून ठेवलीय. धनलक्ष्मी 'व्हय' म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

क्रीमचे किती घाणे वाया गेले ते मी पाहिलंय. कधी तेल वर आणि पाणी खाली, कधी सगळं नासल्या दुधासारखं फुटायचं. ती चिडायची, चुलीकडं पाठ करून बसायची आणि पुन्हा भांडी घासायला घ्यायची. शेवटी एकदा जमलं. मऊ, फिकट बदामी क्रीम. मला उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून तिनं ते माझ्यात भरलं तेव्हा मी फुगले, खोटं कशाला बोलू. बहिणींना ती रोज उघडून तपासायची. मला मात्र मंजुश्रीअक्कांसाठी झाकण घट्ट लावून ठेवलं होतं. क्रीम टिकायचं औषध तिनं अगदी बेताचं घातलं होतं, कारण हल्ली गिऱ्हाईक म्हणतं, औषध नको, झाडपाल्याचंच पाहिजे.

मग एका रविवारी पद्माबाई आली. धनलक्ष्मीची आई.

या घरातून नवं काहीही मैलारच्या मल्लण्णाचा, म्हणजे आपल्या खंडोबाचा, भंडारा लागल्याशिवाय बाहेर जात नाही. बाजाराला निघालेली मेंढी असो, नवा विळा असो, परीक्षेला निघालेली धनलक्ष्मी असो, चिमूटभर हळद आधी. पोरगी शिकलेली, तिला हे सुचायचं नाही, म्हणून माउलीनं आपणच मनावर घेतलं. देवाचं काम म्हणून हात स्वच्छ धुतले आणि ओल्याच बोटांनी माझं झाकण उघडलं. चिमूट टाकली. वर पिवळं दिसू नये म्हणून बोटानं आत दाबली, हात जोडले आणि झाकण लावून मला होते तशी ठेवून गेली.

पुढच्या दिवसांत माझ्या पोटात दुखायला लागलं. आधी कडेला ओलसर काहीतरी, मग करड्या केसांचा बारीकसा ठिपका. रोज वाढायचा. धनलक्ष्मी रोज बहिणींना उघडायची, हुंगायची, खूश व्हायची आणि मला फडक्यानं पुसून परत ठेवायची. अगं बाई, मला उघड ना! पण ओरडायचं कशानं? तोंड एवढं मोठं आणि आवाज नाही. तेव्हा मला फार भीती वाटली.

मंजुश्रीअक्का ठरल्या दिवशी आल्या. दांडगी बाई. कुठलंही क्रीम गिऱ्हाइकाला लावण्याआधी स्वतःच्या चेहऱ्याला लावून बघते. एकदा असंच काहीतरी लावून गाल भाजला होता, त्याचा डाग अजून आहे. तो दाखवत दाखवतच त्यांनी माझं झाकण फिरवलं, बोट बुडवलं आणि भिंतीवरच्या आरशाकडं वळल्या. लिंबाजी उंबऱ्यावर बसले होते.

धनलक्ष्मीनं माझ्यात पाहिलं. तिला ठिपका दिसला.

गप्प बसायची सोय होती. अक्कांचं लक्ष आरशात होतं, बोटावरचं क्रीम वरवर चांगलंच दिसत होतं, लगेच काही झालंही नसतं. बोट गालाशी पोचलं. तेवढ्यात धनलक्ष्मीनं त्यांचं मनगट धरलं.

"लावू नका अक्का. खराब झालंय."

"आता तर म्हणत व्हतीस, रोज तपासायलीय म्हणून?"

"व्हय. पर हे लावू नका."

लिंबाजी उठले. आता सोमवारची कलबुर्गीची बस, दुसरं काय. धनलक्ष्मीनं मला उजेडात धरलं, ठिपक्याखाली पिवळं दिसलं, आणि तिची नजर सरळ दारात उभ्या आईकडं गेली. पद्माबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्या टाकलाय. मल्लण्णाचा भंडारा. हात चांगले धुऊन टाकला गं."

"माय, कामून? मला इचारायचं तरी."

मला पद्माबाईचा राग येत होता, आणि तिच्याकडं बघवतही नव्हतं.

मंजुश्रीअक्कांनी बोट सावकाश पुसलं.

"माझ्या पार्लरातल्या पोरी दिवसभर ओले हात घालत्यात डबीत," त्या म्हणाल्या. "घरोघरी हळद लागतीय, लेकरं बोटं घालत्यात. तुझ्या मायच्या चिमटीला जे टिकंना, ते माझ्याकडं काय टिकंल? दुसरं कर. त्यात मायच्या हातानंच भंडारा टाक. टिकलं तर परत येते मी."

हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. लिंबाजींनी दुकानाच्या मालकाला फोन करून आणखी थोडे दिवस मागून घेतले.

मला रिकामं केलं, घासलं, उकळलं. धनलक्ष्मीनं नवा घाणा केला, या वेळी टिकायचं औषध नीट मापानं घालून माझ्यात भरला. पद्माबाई मात्र त्या दिवसापासून खोलीत पाऊल टाकेना. लेक बोलवायला गेली तर म्हणाली, मी हात न्हाई लावत बाई. शेवटी धनलक्ष्मीनं तिला भांडी घासता घासता उठवून आणलं. भंडाऱ्याची वाटी पुढं केली. पद्माबाई घाईघाईनं हात पदराला पुसायला लागली.

"पुसू नको माय. ओल्याच हातानं टाक."

पद्माबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग चिमूट टाकली आणि रडली. धनलक्ष्मीही.

त्याला बरेच रविवार झाले. दर रविवारी पद्माबाई येते, ओल्या हातानं टाकते, बोटानं दाबते. माझं क्रीम पार पिवळं झालंय.

आज मंजुश्रीअक्का परत आल्यात. पाणी पिऊन झालं, आरसा समोर आहे. पद्माबाई या खेपेला दारात नाही, आत लेकीला चिकटून उभी आहे. धनलक्ष्मीनं मला हातात घेतलंय आणि फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसतेय. काल उघडून बघितलंस ना गं, तरी भितेस? माझ्या पोटात काही दुखत नाही. देवाशपथ नाही. उघड बाई झाकण.