बाविसावं नाव

"इथे मोकळी जागा आहेच की," म्हणत इंजिनियर साहेबांनी स्मारकाच्या दगडावर खडूने चार फुल्या मारल्या. "ह्या चार ठिकाणी भोकं पाडा. अध्यक्षांच्या नावाची पितळी पाटी बसवू."

माझं डोकंच सटकलं. "मोकळी कुठली? तिथे नाव आहे."

"कुणाचं?"

"आत्याआजीच्या भावाचं. लढाईत गेले ते."

आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. ती पायरीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी.

साहेबांनी खिशातून यादी काढली. एकवीस नावं. त्यांच्या कारकुनाने ती दगडावरूनच उतरवून घेतलेली, आणि झिजलेली नावं पुन्हा खोल करायचं काम बाबांना मिळालं होतं ते ह्याच यादीवरून. म्हणजे दगडावर दिसत नाही ते यादीत नाही, आणि यादीत नाही त्याच्यावर पाटी!

"असतं तर दिसलं नसतं का, बाळ?" साहेब म्हणाले.

बाबा हत्यारं लावत बसले. काम देणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हे त्यांचं नेहमीचं. मी नववीत शाळा सोडली ती असल्याच 'दिसत नाही म्हणजे नाही'वाल्या बाईंशी भांडून, त्यामुळे मला गप्प बसवेना.

हे स्मारक माझ्या पणजोबांनी बांधलं, म्हणजे आत्याआजीच्या वडिलांनी. गावाला वर बंदूकवाला शिपाई हवा होता. पणजोबा म्हणाले, चेहरा कोरला की तो कुणा एकाचा होतो, मग बाकीच्यांच्या घरच्यांनी बघायचं कुठे? म्हणून नुसता आठ कोनांचा खांब आणि खाली तीन पायऱ्या. हुद्दे नाहीत. कप्तान आणि पलटणीचा स्वयंपाकी शेजारी शेजारी. आणि नावं इतकी खाली, की उंच माणसं अजून कुरकुरतात, वाकावं लागतं म्हणून. पणजोबांनी माप घेतलं होतं ते गेलेल्या पोरांच्या आयांच्या हाताचं. खांदा न उचलता हात पोचला पाहिजे, बस्स. बावीसच्या बावीस नावं त्यांनी एकट्याने कोरली. शेवटचं स्वतःच्या पोराचं.

पण ते खांबाच्या सावलीच्या अंगाला आहे. तिथे ऊन कधी येतच नाही. आणि दगडाचं काम करणारा माणूस समोरून बघतच नसतो. पृष्ठभाग सपाट झालाय का ते बघायला आम्ही उजेड आडवा पाडतो. मग केसाएवढा खड्डा असला तरी त्याची सावली पडते.

मी पळत समोरच्या न्हाव्याकडे गेले. "काका, मोठा आरसा द्या."

"फुटला तर तुझ्या बापाची बिनपाण्याची करीन," काका म्हणाले, पण स्वतःच काढून दिला.

रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहून मी उजेड खांबावर फेकला. आधी साहेबांच्या डोळ्यांवर. चुकून. मग बाबा उठले. "डावीकडे घे. अजून. आता खाली... थांब!"

दगडावर बारीक रेघा उठल्या. साहेब गुडघ्यावर बसले आणि पहिलीतल्या पोरासारखं अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागले. वाचून झाल्यावर बाबांकडे बघून म्हणाले, "आडनाव तुमचंच."

त्यांनी फुल्या रुमालाने पुसल्या. यादीत बाविसावं नाव लिहिलं. "पाटीचं बघू कुठेतरी."

"पुढच्या महिन्यात शौचालयाचं उद्घाटन आहे ना?" मी म्हटलं. बाबांनी डोळे वटारले. साहेब हसू दाबत निघून गेले.

बाबा नावावरून नख फिरवत होते. "बाकीची नावं बघ, झिजून सुद्धा नख आत जातं. हे कागदाएवढं पण नाही. आजोबांचा घाव बसलाच नाही इथे. मुळात उथळ, त्यात रोज हात फिरून फिरून..."

आणि त्यांनी जीभ चावली.

आत्याआजी रोज सकाळी दूध आणायला जाताना इथे थांबते. तळहात पूर्ण टेकवते आणि हळूच फिरवते. माझ्या जन्माच्या आधीपासून.

"म्हणजे मीच पुसलं म्हण की," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, आत्या!" बाबा म्हणाले.

"तुम्हाला बोलायचं तरी कळतं का?" मी बाबांवर खेकसले.

"तू कशाला फणफणतेस गं? खरं तेच बोलला तो." तिने काठीने नावाकडे दाखवलं. "एका नावाला वडिलांना एक दिवस लागायचा. ह्याला आठ लागले. आई डबा घेऊन जायची, तो तसाच परत यायचा. आम्हाला वाटायचं, जीव ओतून कोरतायत."

बाबा तिच्या शेजारी बसले. "आत्या, बाकीची नावं खोल केली तरी आजोबांच्याच घावावरून छिन्नी जाईल. इथे तसं नाही. इथे सगळा घाव माझाच होणार. तू नको म्हणालीस तर हात लावत नाही."

"मग काय होईल?"

"चार-पाच वर्षांत आरशाने पण दिसणार नाही."

तिने सवयीने हात पुढे केला आणि निम्म्यातूनच मागे घेतला.

"खोल कर," ती म्हणाली. "ते बाप होते त्याचे. तू नाहीस."

बाबांनी पहिल्या अक्षरावर छिन्नी टेकवली आणि शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून दारावर हळूच थाप मारतात तशी हातोडी मारली.

"अरे, दगड आहे तो. ऐकू येऊ दे!" आत्याआजी म्हणाली.

दुसरा घाव नीट बसला. कपची उडून माझ्या पायाशी पडली. पहिलं अक्षर पूर्ण होईपर्यंत आत्याआजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.