पक्क्या शाईतलं उत्तर

मित्रांनो, फिनलंडमधल्या ओउलू शहरात, एका लहान सॉफ्टवेअर कंपनीच्या भिंतीवर मी अठरा वर्षं आहे. मी पांढरा फळा. पत्र्यावर चकचकीत मुलामा देऊन मला घडवलं. सुरुवातीला माझ्यापुढे रोज गर्दी असे. कोपऱ्यात 'पुसू नये' असं लिहून माझा मान राखला जाई. पुढे मोठा पडदा आला आणि माझ्या वाट्याला फक्त मुलाखती उरल्या.

एका शुक्रवारी तूलिया नोकरीच्या मुलाखतीला आली. इथल्या रीतीप्रमाणे तिने बूट दाराशीच काढले होते. पायांत लोकरीचे मोजे. वय एक्कावन्न. जुनी कंपनी बंद पडून नऊ महिने झाले होते आणि ही तिची सातवी मुलाखत होती. समोर कंपनीचा मालक यौको आणि तिथेच काम करणारी तरुण पिन्या.

"बसमध्ये एकच जागा उरलीय," पिन्या म्हणाली. "दोघांनी एकाच क्षणी ती मागितली. तुमचा प्रोग्रॅम काय करेल?"

तूलियाने माझ्या कडेवरचं पेन उचलून भराभर लिहिलं. मग ती थबकली. तिच्या उत्तरात तीच जागा दोघांनाही मिळत होती. तिने पुसायला घेतलं. अक्षर हललं नाही. पेन पक्क्या शाईचं होतं.

यौको आणि पिन्या वाट पाहत राहिली. विचार करणाऱ्याला मध्ये टोकणं इथे उद्धटपणाचं मानतात. टेबलावरची तिची कॉफी निवली. तूलियाचा हात घासत राहिला, मग खाली आला. तिने चुकीभोवती गोल काढला.

"मी इथे चुकले. जागा मोकळी आहे का, हे आधी पाहिलं आणि मग दिली. तेवढ्यात दुसरा घुसला. पाहणं आणि देणं एकाच दमात व्हायला हवं."

यौकोने पेनाकडे पाहिलं. "हे इथे कुणी ठेवलं?"

"मीच," पिन्या म्हणाली. "काल खोक्यांवर नावं टाकत होते."

"शाबास! आता फळाच बदलू या."

"त्यावर फळ्याच्या पेनाने गिरवा आणि लगेच पुसा, निघतं," तूलिया म्हणाली. "आमच्याकडे दर महिन्याला हा उद्योग असायचा."

पिन्या पुसायला उठली, तसा यौको म्हणाला, "आज नको. सोमवारी तूलियाच पुसतील."

तूलियाला अर्थ कळायला जरा वेळ लागला. मग तिने ती गार कॉफी एका घोटात संपवली.

सोमवारी, कामाच्या पहिल्याच दिवशी, तिने मला पुसलं. गोलाची पुसट रेघ अजून आहे.

मित्रांनो, माझ्यावर लिहिण्याआधी पेन तपासा. आणि चुकलात तर घाईने घासू नका. मला ओरखडे पडतात. आधी ती चूक नीट वाचा.