घड्याळाच्या टावरात गेल्यालं पाव्हनं

माजा आवाज मोठा हाय, आदीच सांगून ठिवते. यष्टीत मी तोंड उगडलं की पार मागच्या शिटावरचं निजल्यालं पोरगं उठून रडाय लागतंय. पन त्यात माजा काय दोस? आमच्या मालकांनी गिरनीत जल्म काढला. मागांच्या खडखडाटात त्येंचं कान गेलं आन घरात माजा घसा. "च्या घेता का?" येवढं इचारायचं तर निम्म्या गल्लीला वाटतंय सोनाबाईनं च्याला बोलीवलं. आता डाक्टरानं त्येस्नी कानाचं मशीन दिलंय. खिशात काड्यापेटीएवढा डबा आन त्यातनं निगाल्याली वायर कानात. त्ये बी निम्म्या वेळा बंदच ठिवत्यात, माज्या बोलन्याला कटाळून! बगा म्हंजे झालं.

ते जाऊ द्या. मला वच्छलाचं सांगायचंय. ते मनातनं जात न्हाय.

वच्छला माज्या धाकट्या भावाची, धोंडीरामची लेक. तिची आय ल्हानपनीच गेली. सातवीपातुर पोरगी माज्याकडं सोलापुरात शिकली, मग बापाला भाकरी करून घालाय वैरागला गेली. आनीबानी उठली त्या वर्सी तिच्या लग्नाचं बघाय लागलो. दोन ठिकानी तिनं मान हलीवली, न्हाय म्हनून. धोंडीराम तसा तापट, पन लेकीच्या मनाबाहीर जानारा न्हवं. म्हनला, "आक्का, तुज्या बघन्यात कोन आसंल तर सांग."

बघन्यात हुता की! आमच्या शेजारच्या आण्णाचा भाचा, भीमराव. गिरनीत फिटर, आंगानं धडधाकट, सुपारीचं खांड बी खात न्हवता. मी आईतवारी बघायचा कार्यक्रम माज्याच घरात ठिवला. पोहं केलं. पोरगा आला, बसला, आन मान खाली घालून सतरंजी बघाय लागला. धोंडीरामनं इचारलं, "गावाकडं रान किती?" तर म्हनतोय, "आं?" परत इचारलं, तर परत, "काय म्हनलासा?" आता त्यात पोराचं काय चुकलं? त्याच टायमाला मी आतनं मालकांस्नी वरडत हुते, की सदऱ्याची गुंडी लावा, पाव्हनं आल्यात! माज्या वरडन्यात कुनाला काय ऐकू येनार, कपाळ?

वच्छला च्या देऊन आत आली. मी म्हनलं, "कसा वाटला गं?"

ती रिकामा कप बघत म्हनली, "आत्ती, त्येस्नी साकर जास्त लागती वाटतं. कपाच्या बुडाची साकर बोटानं खाल्ली त्येंनी."

अगं बया! दोन पोरांच्या वक्ताला हिनं कप उचलून बी बघितला न्हवता. मी समजले. माज्या जिवाला इतकं बरं वाटलं म्हनून सांगू.

मग आण्णानंच काडलं. म्हनला, "पोरांस्नी जरा टावर दावून आनू. सगळं सोलापूर बघाय जातंय सद्या." त्ये खरं हुतं. पेठंतलं घड्याळाचं टावर, इंग्रजाच्या काळातलं, किती वर्सं कुलपातच हुतं. त्या साली कुठल्याशा इतिहास मंडळातल्या लोकांनी त्ये झाडून पुसून उगडलं. आन वर एक टूम काडली. माहिती सांगाय मानूस न्हाय, टेप! चामड्याच्या पिशवीतला टेप गळ्यात आडकवायचा, वायर कानात घालायची, आन आतला मानूस सांगंल तसं चडत जायाचं. त्यो थांबा म्हनला की थांबायचं, उजवीकडं बघा म्हनला की बघायचं. मंडळाकडं टेप एकच हुता. एक बिऱ्हाड उतरलं की दुसरं चडायचं.

धोंडीरामला आसलं बघाय जानं पसंत न्हवतं. "मी संगं येनार," म्हनला. ये की बाबा, कोन नगं म्हनतंय?

गेलो. टावराशी पोचलो तर ह्याची तंबाखू संपल्याली. "आलोच," म्हनून गेला टपरीवर. तेवढ्यात आमचा लंबर लागला. टेबलावरच्या मानसानं टेप भीमरावच्या गळ्यात घातला. चालतोय का बघाय वायर आदी माज्याच कानात घातली. आतनं कोन तरी गडी एकदम गोड आवाजात म्हनला, "नमस्कार! मनोऱ्याच्या पहिल्या पायरीपाशी उभे राहा."

मी म्हनलं, "नमस्कार, बाबा!"

रांगंतली समदी हसली. वच्छला हसली. भीमराव बी हसला, आन तवा मला दिसलं की त्यो तिच्याकडं बघून हसतोय. माजं गुडगं चडन्याजोगं न्हवतं, मी खाली कट्ट्यावर बसले. आण्णा माज्याजवळ ऱ्हायला. ती दोगं वर गेली.

धोंडीराम आला. "पोरं कुटं हायती?"

"वर गेली. आरं, त्यो टेप..."

माजं पुरतं कवा ऐकून घेतोय त्यो! "दोगंच?" म्हनला आन तंबाखू खिशात कोंबून दनादना जिना चडाय लागला. मी आण्णाला म्हनलं, "बापाचा जीव हाय, चालायचंच." आमी दोगं हसलो बी. व्हय, हसलो.

लई येळ झाला न्हाय. धोंडीराम खाली आला, म्होरं वच्छला. त्याचा चेहरा पडल्याला. वच्छलाचं तोंड लालभडक, नजर जमिनीला. भीमराव अजून वरच हुता. धोंडीराम आण्णाला हात जोडून म्हनला, "वैरागची गाडी हाय, निगतो. सांगावा धाडतो." आन गेली की दोगं. मी कट्ट्यावरनं उठस्तवर ती रस्त्याच्या पल्याड.

मग भीमराव उतरला. गळ्यातला टेप काडून त्यानं टेबलावर दिला आन इकडंतिकडं बघाय लागला. "मामा, माजं काय चुकलं का?" आसं त्यानं आण्णाला इचारलं. आण्णाला काय ठावं, मला काय ठावं!

आठ दिसांनी सांगावा आला. पत्रिका जुळत न्हाय.

आता पत्रिका बघितली कवा ह्यानं? पन आमच्यात रीत हाय बगा. पत्रिका जुळत न्हाय म्हनलं की म्होरं इचारायचं नसतंय. त्येचा आर्थ, कारन दुसरंच हाय, पन तुमची आब राखून झाकलंय. आण्णानं इचारलं न्हाय. मी इचारलं! वैरागला जाऊन इचारलं. धोंडीराम तोंड फिरवून म्हनला, "आक्का, पोराचं वाईट माज्या तोंडनं वदवू नगंस. सोड." वच्छलाला गोठ्यात गाठलं. तिच्या डोळ्याला पानी. म्हनली, "आबांनी केलं ते बरूबर केलं." मी मनात म्हनलं, ह्या बापलेकींनी त्या टावरावर काय तरी बघितलंय. पोरानं हात धरला का काय, कुनाला ठावं. मग मी बी आण्णाच्या दारात बसनं कमी केलं. त्या बिचाऱ्या पोरावर मी मनातल्या मनात राग धरला, हे मला आज लई लागतंय.

आखितीला भीमरावचं लगीन झालं. म्होरल्या माघ म्हयन्यात वच्छलाचं ठरलं, बार्शीकडचा पोरगा, किरान्याचं दुकान. मानूस वाईट न्हाय. वच्छलानं मान हलीवली न्हाय, पन च्याचा कप बी बघितला न्हाय.

हळदीच्या दिशी मांडवात बायकांचा गलका चालल्याला. मी मागल्या आंगनात चुलवनापाशी हुते. धोंडीराम आला आन माज्याजवळ बसला. लेक जायाची म्हनून मऊ झाल्याला. म्हनला, "आक्का, एक बरं झालं बग. त्या भैऱ्याच्या गळ्यात न्हाय पडली पोरगी."

मी म्हनलं, "भैरा? कोन भैरा?"

"तुज्या आण्णाचा भाचा. तुमी माज्यापास्नं लपीवलंत. पन मी कुनाला बोललो न्हाय. एकाद्याचं व्यंग चारचौगांत कशाला काडायचं? उंद्या त्याचं बी लगीन व्हायाचं हुतं."

मी झारा खाली ठिवला. "तुला कुनी सांगितलं त्यो भैरा हाय म्हनून?"

"सांगाय कशाला पायजेल? माज्या डोळ्यांनी बघितलं. गळ्यात डबा, डब्यातनं वायर कानात. तुज्या मालकांचं मशीन काड्यापेटीएवढं, ह्येचं इटंएवढं! म्हनलं, ह्यो तर ठार भैरा दिसतोय. जिन्यातनं हाक मारली, 'पाव्हनं!' वळला न्हाय. परत मारली. तिसऱ्या बारीला सगळं टावर घुमलं, तरी न्हाय! वच्छीनं खुनावलं तवा बघितलं. आन मला बघितल्याबरूबर घाईघाईनं वायर उपसली आन डबा पाठीमागं सारला. चोरी उगडी पडली की."

देवा रं देवा. त्या पोरानं वायर काडली ती मान राखाय! मोटं मानूस म्होरं आलं की डोक्याची टोपी नीट करत्यात, हातातली इडी इजवत्यात, तशी. सासरा आला आन आपल्या कानात गान्या-बजावन्यावानी टेप चाललाय, म्हनून लाजला त्यो. आन ह्यो म्हनतोय चोरी!

"धोंड्या," मी म्हनलं, "मुडद्या, त्यो टेप हुता! टावराची माहिती सांगनारा टेप! समद्या सोलापुरानं कानात घातला. मी घातला! तुला सांगत हुते तर तू दनादना चडून गेलास!"

त्यो हळूच म्हनला, "तुजं बघत आलोय मी, आक्का. भावजींच्या कानाशी वरडून वरडून तू पार सुकलीस. सुकदुक सांगायचं तर ते बी गल्लीला ऐकवून सांगाय लागतंय. म्हनलं, माज्या पोरीचं तसं नगं व्हाय." आन ह्यो एवढा बाप्या, त्यानं पटक्याचं टोक तोंडात घातलं.

त्यानं वंगाळ केलं म्हनावं तर पोरीच्या मायेनं केल्यालं. मी त्याच्या पाठीवर हात ठिवला. पयल्यांदाच मला वरडाय आलं न्हाय.

तेवढ्यात वच्छला आली. हाताला, गालाला हळद. बापाच्या म्होरं उबी ऱ्हायली आन म्हनली, "आबा, उंद्या मी जानार. एक मनात हाय, ते टाकून जाते. त्या दिशी टावरात माजं चुकलं. तुमी बघितलंसा, मला ठावं हाय. राग ठिवू नगासा."

धोंडीराम म्हनला, "काय बघितलं गं?"

"मदल्या माळ्यावर त्येंनी वायर माज्याम्होरं धरली. म्हनले, तुमी बी ऐका. परक्या मानसाच्या कानातली वायर, न्हाय म्हनायला पायजेल हुतं. मी घातली. घड्याळ कुनी बांदलं, लंबक कसा हलतोय, ते ऐकलं. मग त्येंनी टेप बंद केला. म्हनले, ह्यो काय रोजच बोलतोय, तुमी बोला. मी बोलले. म्होरला जिना कुटं हाय ते ऐकाय त्येंनी वायर परत घातली, तवाच तुमी आलासा. माज्यापायीच मोडलंसा ना तुमी?"

"मी तसलं काय बघितलं न्हाय, बाई."

"मग मोडलंसा कशापायी?"

मी मनात म्हनलं, धोंड्या, आता तरी खोटं बोल. काय बी सांग, पन आज हे पोरीला सांगू नगंस. त्यानं माज्याकडं बघितलं. मग लेकीकडं बघितलं. त्याला खोटं सुचलं न्हाय.

"मला वाटलं, त्यो भैरा हाय."

वच्छला उबीच ऱ्हायली. मांडवातनं बायका हाका मारत हुत्या, नवरी कुटं गेली म्हनून.

"मला इचारायचं की, आबा," ती म्हनली. "मी लई हळू बोलत हुते. लाजंनं माजं मला बी ऐकू येत न्हवतं. त्येस्नी सगळं ऐकू येत हुतं."