सातानं भाग

"सुटलं," भीमसेनसर म्हणाले आणि त्यांनी कागद अनसूयाबाईंकडे सरकवला. १४७२५८९६३.

पहिला अंक बघूनच बाईंना कळलं. खरं उत्तर तीनपासून सुरू व्हायचं.

एक ते नऊ अंक एकेकदाच वापरायचे. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनानं, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तिनानं, असं करत अख्ख्या संख्येला नवानं पूर्ण भाग गेला पाहिजे. धारवाडच्या शाळेत तीस वर्षं सर दहावीच्या शेवटच्या तासाला हेच कोडं घालायचे. उत्तर त्यांनी कुठंच लिहून ठेवलं नाही. लिहिलं की पोरं वही ढापतात, म्हणायचे. त्या तासाच्या दिवशी सकाळी दाढी करताना ते नऊ अंक स्वतःशी म्हणायचे आणि स्वयंपाकघरात बाई ऐकायच्या.

आता ते अंक सरांकडे नव्हते. वर्षभरात डोक्यातून बरंच काही गेलं होतं. रविवारी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांनी हे कोडं फळ्यावर सोडवून दाखवायचं ठरलं होतं. शनिवारपर्यंत सुटलं तर जायचं, नाहीतर फळ्यापुढं पुन्हा उभं राहायचं नाही, अशी अट त्यांनी स्वतःलाच घातली होती. आठ दिवस ते टेबलाला चिकटून होते. उत्तर सांगू का, असं बाईंनी एकदा विचारलं.

"तू सांगितलंस तर माझं काय राहिलं?" सर म्हणाले. पुन्हा बाईंनी विचारलं नाही.

शनिवारी दहाला मेळावा भरवणारा साकेत सरांच्या नवनगरच्या घरी आला. तीस वर्षांत हे कोडं सोडवलेला तो एकटाच. बक्षीस म्हणून सरांनी दिलेलं पेन बेलूरच्या कारखान्यात इंजिनियर झाल्यावरही त्याच्या खिशाला असायचं. चहा घेता घेता त्यानं कागद बघितला, मग बाईंकडे बघितलं. बाईंनी नजर बशीत घातली.

"हौदु, सर. बरोबर आहे."

"सातानं?"

"जातो की."

सर त्याच्याकडे बघत राहिले. "सातानं भाग तुला तोंडी कधी येत नव्हता, साकेत. कागद लागायचा."

साकेतनं मान खाली घातली. सरांनी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि पहिल्या सात अंकांना सातानं भागायला बसले. पाढा कन्नडमधून चालला होता, मध्येच तुटत होता. चहा गार झाला. शेवटी बाकी उरली सहा. पोरांच्या वहीत करायचे तसा सरांनी सहाभोवती लाल नसलेल्या शाईनं गोल केला आणि पेन परत दिलं.

"उद्याच्या कार्यक्रमात माझं नाव घालू नको."

"नुसते येऊन बसा, सर."

"बसायला घरी खुर्ची आहे."

साकेत गेल्यावर सरांनी कागद उलटा केला आणि बाईंपुढं ठेवला.

"तुला येतंय ना? लिही. कुठंतरी असू दे."

बाईंनी एकेक अंक सावकाश लिहिला. ३८१६५४७२९. सरांनी घडी घालून कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला.

संध्याकाळी धुण्यासाठी सदरा काढताना कागद सरांच्या हाताला लागला. दिव्याखाली धरून त्यांनी तो नीट वाचला, बोटानं अंक मोजले.

"कुणाचा फोन नंबर घेतलास गं?" ते म्हणाले. "एक आकडा कमी आहे."

बाईंनी कागद घेतला आणि डब्यांच्या फळीवर, मिठाच्या बरणीखाली ठेवला.