दुसरी सही

त्या रविवारी चष्म्याचं दुकान दुपारी बंद झालं. चष्मेवाली घरी आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि चपला न काढताच कॉम्प्युटरसमोर बसली. सकाळपासून तिने सतरा गिऱ्हाइकांना "हे अक्षर दिसतंय का?" असं विचारलं होतं. आता तिला स्वतःलाच धड दिसत नव्हतं.

"आई, बिनपगारी ऑफिस उघडलं का?" लेक आतून म्हणाली.

"उघडलं. साहेब मीच, शिपाई मीच."

आठ वर्षांपूर्वी दुकानात एक गाण्याचे मास्तर आले होते. कुठल्याच नंबरची काच त्यांच्या डोळ्यांना लागू पडेना. तेव्हा चष्मेवालीने इंटरनेटवरच्या एका ओळखीच्याला हाताशी धरून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या ओळखीच्याचं टोपणनाव कासव. प्रोग्रॅम फुकट, कोणीही उघडून बघावा, कोणीही सुधारावा. हळूहळू वीसेक हौशी माणसं जमली. त्यांनी एकमेकांची तोंडंही कधी पाहिली नव्हती.

सुरुवातीलाच तिच्या एका चुकीने प्रोग्रॅमची वाचा बसली आणि मास्तर दिवसभर मुक्या यंत्रासमोर बसून राहिले. तेव्हापासून नियम ठरला. बदल कोणाचाही असो, दोन सह्या हव्यात. एक तिची, एक कासवाची.

दीड वर्षापूर्वी कासवाला जुळं झालं. "जमलं की येतो," असं लिहून तो गेला आणि जाताना अडीनडीला म्हणून पासवर्ड देऊन गेला. पहिली अडचण खरोखरच मोठी होती, म्हणून तिने त्याच्या नावाने सही ठोकली. दुसरी जरा लहान होती. पुढे पुढे अडचण लागेनाशीच झाली.

चार वाजता सगळे फोनवर जमले.

"ताई, एक विचारू?" नर्सिंग शिकणारी, मुंगी या टोपणनावाची मुलगी म्हणाली. "कासवदादा नुसते नावाचेच कासव, तुमच्यामागून मिनिटभरात सही करतात. तीनशे ओळी मिनिटात वाचतात कशा?"

दोघंतिघं हसले. 'घाईचं होतं गं' हे उत्तर चष्मेवालीच्या ओठांवर तयार होतं. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं.

"कासव दीड वर्ष इथे नाही," ती म्हणाली. "त्याची सही मीच करते."

हसणं थांबलं.

"माझं तीन महिन्यांचं काम तुम्ही परत पाठवलंत," बसचा ड्रायव्हर म्हणाला. "म्हणालात, कासवाला पटलं नाही. मग पटलं कोणाला नव्हतं?"

"मला. एकटीने तुला नाही म्हणायचा धीर होत नव्हता."

"तोंडावर सांगितलं असतंत तर चार दिवस चिडलो असतो, बस."

हा सगळा डोलारा आज आपल्याच हाताने कोसळणार, असं तिला वाटलं. मास्तर पुन्हा मुक्या यंत्रासमोर बसतील. तरीही सगळ्यांना सांगून तिने कासवाचं खातं बंद केलं.

"आता दुसरी सही कोण करणार?"

एकेकाने माईक बंद केला. कामाचं नाव काढलं की या मंडळींना नेमकी रेंज नसते, हे तिला आठ वर्षांत पाठ झालं होतं. शेवटी रिटायर पोस्टमन खाकरले.

"मी करीन. पण ओळ न ओळ वाचणार. मागे लागून घाई करायची नाही."

"आणि ताई, नाही म्हणायची वेळ आली तर आम्हाला सांगा," ड्रायव्हर म्हणाला. "एकटीने नका म्हणू."

मंगळवारी पोस्टमनकाकांचं उत्तर आलं. तिच्या साध्या सुधारणेवर चौदा शंका. तिने कपाळाला हात लावला. सातवी शंका अशी होती: 'पान कोरं असलं तर आवाज कायमचा बंद पडतो. तुम्ही बघितलंत का?'

तिने बघितलं नव्हतं. कासवाची सही असती तर ही चूक आज सकाळीच घरोघर पोचली असती. मास्तरांच्याही घरी.

"आई, चेहरा का पडलाय?"

"काही नाही. पोस्टमननी पत्र परत आणलंय," ती म्हणाली. तिने चपला काढून टेबलाखाली सरकवल्या आणि पहिल्या शंकेपासून वाचायला घेतलं.