पलीकडचे येत नाहीत

केनियाच्या उत्तरेला, दुष्काळाने करपलेल्या माळावर, गुरं पाळणाऱ्या दोन जमातींची मिळून एकच विहीर उरली होती. पूर्वी तिथे खून पडायचे. मग परदेशी मदतीतून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकेक सॅटेलाइट फोन मिळाला. कुणाची गुरं कधी पाण्यावर येणार, हे ते आधी बोलून घेऊ लागले आणि भांडणं थांबली. अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करणारी नागपूरची उत्तरा त्यांची फोनवरची बोलणी ऐकून त्यावर अभ्यास करायची. स्वाहिली ती तिथल्या विद्यापीठातच शिकली होती. विहिरीच्या पलीकडच्या जमातीचा म्हातारा कामार, अलीकडच्यांचा लोकिरू; लोकिरूला ती बाबा म्हणायची. हाक दोन्ही भाषांत चालायची.

२००६च्या हिवाळ्यात मदत बंद झाली, त्यासरशी फोनही. आहे तेवढ्या डेटावर थीसिस लिही, असं प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या शंतनूने तिला सांगितलं.

एका सकाळी बाहेर बर्फ भुरभुरत असताना तिच्या टेबलावरचा फोन वाजला. आधी नुसता वारा, मग गुरांच्या गळ्यातल्या घंटा, मग लोकिरूचा आवाज, अगदी कानाशी.

"पोरी, आम्ही विहिरीवरच आहोत. पलीकडचे येत नाहीत. कामारला सांग, पाणी अजून आहे. भिऊ नको म्हणावं."

"बाबा, तुमचा फोन चालू झाला?"

घंटा तेवढ्या वाजत राहिल्या.

ती आनंदाने शंतनूकडे धावली. त्याने तिला खुर्चीत बसवलं. नैरोबीहून त्याला नुकतंच कळलं होतं. फोन नसल्यामुळे दोन्हीकडची गुरं एकाच वेळी पाण्यावर आली आणि गोळ्या सुटल्या. लोकिरू आणि त्याच्या मुलांची प्रेतं गेल्या आठवड्यापासून विहिरीपाशीच पडून होती. भीतीने तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

"फोन आल्याचं कुणाला सांगू नकोस," शंतनू म्हणाला. "त्या लाइन्स मी स्वतः कॅन्सल केल्यात."

पण निरोप तिच्यावर सोपवला होता. तिथल्या मिशनच्या पाद्र्याला गाठून तिने पलीकडच्या कामारला फोनवर बोलावून घेतलं आणि लोकिरूचे शब्द जसेच्या तसे सांगितले. कधीचे, ते सांगितलं नाही.

कामारने एवढंच विचारलं.

"मागे घंटा वाजत होत्या?"

"हो."

"ती गुरं माझ्या दारात आहेत," तो हळूच म्हणाला. "घंटा आम्ही कापून टाकल्यात. तरी रोज ऐकू येतात."

दुसऱ्या दिवशी कामारने ती गुरं परत नेली. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून मेलेल्यांना मूठमाती दिली आणि पाण्याच्या पाळ्या पुन्हा ठरल्या. पाद्र्याने एवढं कळवलं. पुढे मिशनही बंद झालं. त्या पाळ्या टिकल्या की नाही, हे विचारायला तिथे कुणीच उरलं नाही.