कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप

प्रज्वलकडे कॉम्प्युटर नव्हता, पण मतं होती. मतांना वीज लागत नाही, त्यामुळे भारनियमनातही ती चालू असायची. दोन हजार पाच सालच्या त्या हिवाळ्यात खर्डीजवळच्या त्यांच्या गावात निम्मा दिवस लाइट नसे. पण इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर कसा टाकाऊ आहे आणि फायरफॉक्स कसा राजा आहे, हे प्रज्वल अंधारातही सांगू शकत असे. विंडोज वापरणारी माणसं त्याला मेंढरं वाटत. लिनक्स वापरणारी माणसं त्याने कधी पाहिली नव्हती, पण ती थोर असणार याबद्दल त्याला शंका नव्हती. गेम खेळायचे तर वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, नाहीतर माणसाने गोट्या खेळाव्यात, असंही त्याचं म्हणणं होतं. त्याच्याकडे कार्ड नव्हतं आणि गोट्या खेळायचं वय गेलं होतं.

गावात हे ऐकून घेणार कोण? धाकटी बहीण नम्रता बारावीला होती आणि दादाने तोंड उघडलं की ती पुस्तक घेऊन परड्यात जाऊन बसे. त्यामुळे प्रज्वल आपली सगळी मतं शहापूरला घेऊन जाई. तिथे तो कॉलेजला होता आणि कॉलेज सुटल्यावर बाजारपेठेतल्या साईनाथच्या सायबर कॅफेत उभा राही. उभा, कारण बसायचे पैसे लागत. साईनाथ कॅफेही चालवी आणि सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडूनही विकी. माणूस गरीब स्वभावाचा. दोन वर्षं त्याने प्रज्वलचं ऐकून घेतलं होतं, त्याला अजून कुणी बक्षीस दिलेलं नाही.

प्रज्वलचे वडील कंपनीत पाळीवर जात. घरातला शब्द त्यांच्या थोरल्या भावाचा, महिपतकाकांचा. काका म्हसा गावच्या जत्रेत नाव असलेला माणूस. तिथल्या बैलबाजारात लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेत आणि घ्यायचा बैल दाखवत. काका बैलाभोवती एक फेरी मारत, पाठीवर हात फिरवत, दात बघत आणि काय ते एका शब्दात सांगून पुढे जात. पण यंदा गावात नांगरणीला भाड्याचा पॉवर टिलर आला होता. यंदा काकांना कुणी बोलावलं नाही. काका एकटेच म्हशाला गेले, एक घोंगडी घेऊन परत आले आणि आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वच्छ टोपी घातली आणि प्रज्वलला म्हणाले, "चल, तुझा कॉम्प्युटर बघून येव."

दोन वर्षं मागत असलेल्या कॉम्प्युटरचं नाव काकांच्या तोंडून ऐकून प्रज्वलच्या हातातला चहा सांडला. नम्रताही निघाली, कारण हे बघण्यासारखं होणार हे तिला कळलं होतं.

जीपमध्ये काकांनी रीत समजावली. "हे बघ प्रज्वल. ज्याच्या दावणीला जनावर बांधायचं, त्यानं गप रायचं आणि बघायचं. त्याच्या मनात खोड बसली, की ते घ्यायचं नाय. मग ते कितीपण चांगलं असू दे. मनात खोड ठेवून वैरण टाकली तर ती जनावराच्या अंगी लागत नाय."

"काका, आपण बैल नाय घेत. कॉम्प्युटर घेतोय."

"घेतोय ना? मग झालं," काका म्हणाले.

प्रज्वलने हे एका कानाने ऐकलं. दुसरा कान ग्राफिक्स कार्डाकडे होता.

साईनाथने एक मशीन जोडून तयारच ठेवलं होतं. काका दुकानात शिरले तसे त्यांचे खांदे सरळ झाले. म्हशाहून आल्यापासून प्रज्वलने त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. सीपीयूच्या डब्याच्या पाठीवरून हात फिरवला. दोन बोटांनी टकटक केली आणि कान लावला. कॅफेतली गेम खेळणारी पोरं खुर्च्या वळवून बघू लागली.

"आधी कुणाच्या हाताखाली होता?" काकांनी विचारलं.

"नवा आहे काका. कालच जोडला," साईनाथ म्हणाला.

"म्हंजे वासरूच की. खातो किती?"

साईनाथ जरा थांबला, मग त्याला कळलं. "दोन-चार बल्बांएवढी लाइट."

"मारतो काय?"

"अर्थिंग चांगलं असलं तर नाय मारत."

काकांनी बाजूचा पत्रा काढायला लावला. आत वाकून बराच वेळ बघितलं. "पोट साफ हाय," ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले आणि तंबाखूची चंची बाहेर काढली. नम्रताने दादाला कोपराने ढोसलं. म्हशाला काकांसोबत गेलेल्या कुणालाही ठाऊक होतं की काकांनी चंची काढली म्हणजे जनावर पसंत पडलं. आता कुणी काही बोलायचं नव्हतं. तेवढंच करायचं होतं.

"आणि हे इंटरनेट," म्हणत साईनाथने पडद्यावरच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या निळ्या ई वर क्लिक केलं.

प्रज्वलचा ताबा सुटला.

"हे? हे वापरायचं? याच्यात एका खिडकीत एकच पान उघडतं. धा पानं बघायची तर धा खिडक्या. फायरफॉक्सला, त्या कोल्ह्याच्या चित्रवाल्याला, टॅब असतात. आणि जाहिराती बघ कशा उड्या मारतात."

"अरे, लोकांना हेच येतं," साईनाथ म्हणाला. "निळा ई दिसला नाय तर पोरं बोलतात नेट बंद हाय."

"म्हणून तर लोक मेंढरं. आणि हे विंडोज! व्हायरस आला की बसला खाली. लिनक्स बघ, ते पेंग्विन पक्ष्याच्या चित्राचं, फुकट आणि दगडासारखं मजबूत."

"तुझ्या लिनक्सवर गेम चालतात का?" साईनाथने विचारलं. मागची पोरं हसली.

यालाही प्रज्वलकडे उत्तर होतं. "त्यात लिनक्सचा काय दोष? गेमच्या कंपन्यांना अक्कल नाय. आणि गेमचं काय बोलतोस, याला वेगळं कार्ड कुठाय? मदरबोर्डवरचंच दिलंस. गाड्यांची शर्यत लावली तर गाडी पुढं जायच्या ऐवजी विचार करत बसंल."

काकांचा तंबाखू मळणारा अंगठा मधेच थांबला होता. नम्रताने दादाचा शर्ट मागून ओढला. दादा काही थांबणाऱ्यातला नव्हता. दोन वर्षं ज्या दुकानात उभं राहून बोलला, तिथे आज तो गिऱ्हाईक म्हणून बोलत होता आणि ते त्याच्या डोक्यात गेलं होतं. प्रोसेसर, पंखा, माउसचा गोळा, कशाकशाला त्याने सोडलं नाही. शेवटी साईनाथने हात जोडले.

"बरोबर हाय तुझं. भंगार हाय मशीन. झालं समाधान?"

दोन वर्षांत साईनाथ पहिल्यांदाच हरला होता. प्रज्वल छाती काढून वळला, तर काका उभे राहिले होते आणि चंची खिशात गेली होती.

"चल नमे," काका म्हणाले. "ऊन चढलं."

ते पायरी उतरून रस्त्याला लागले तेव्हा कुठे प्रज्वलला काहीतरी चुकल्याचं कळलं. तो मागे धावला. "काका, मशीन?"

"नाय घ्यायची. तुझ्या मनाला बसली नाय."

"असं कुठं बोल्लो मी?"

"अजून काय बोलायचं ठेवलंस? नख्यांपासून शिंगांपर्यंत खोडी काढल्यास. एवढ्या खोडी मनात ठेवून तू तिला काय सांभाळणार?" काका रागावले नव्हते, हेच वाईट होतं. ते अगदी मायेने बोलत होते. "पुढच्या म्हशानंतर बघू. चांगली बघू."

पुढचा म्हसा म्हणजे आणखी एक वर्ष. आणखी वर्षभर साईनाथच्या दुकानात लोकांच्या पाठीमागे उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या पडद्यात डोकं घालायचं. 

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात काकांनी भजी मागवली. प्रज्वलने भज्याला हात लावला नाही. त्याने घसा साफ केला आणि गुण सांगायला सुरुवात केली. म्हणाला, तसं बघितलं तर विंडोज सोपं आहे. घरातल्या कुणालाही येईल. निळ्या ई चंही तसं काही वाईट नाही, सगळीकडे तोच असतो. आणि ग्राफिक्स कार्ड काय, नंतर पण टाकता येतं.

काकांनी भजं खाली ठेवलं आणि डोळे बारीक केले. बाजारात असा माणूस त्यांनी पुष्कळ वेळा पाहिला होता. सकाळी बैलाला नावं ठेवतो आणि दुपारी त्याचेच गोडवे गातो.

"त्या साईनाथानं तुला काय दलाली कबूल केली काय रे?"

नम्रताला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तिला दादाची दया आली असावी. "काका, त्याला विचारा, या खोडी त्यानं कधी बघितल्यात काय."

"बघितल्यास?" काकांनी विचारलं.

प्रज्वल टेबलाकडे बघत म्हणाला, "नाय."

"मग?"

"वाचल्या. मासिकात."

"आणि ते कोल्ह्याचं चित्र असलेलं, ज्याचं एवढं सांगत होतास?"

"एकदा साईनाथच्या मशीनवर टाकलं होतं. उघडलं आणि लाइट गेली."

"आणि तो पाणपक्षी?"

"लिनक्स? त्याची सीडी मासिकासोबत आली होती. ती दिवाळीपासून सापडत नाय."

"ती काकांनी वालाच्या शेतात टांगलीय," नम्रता म्हणाली. "पाखरं हाकलायला."

"ती चकती तुझी होती?" काका खरोखरच खूश झाले. "ब्येस चकती. एक पाखरू बसत नाय."

प्रज्वलने कपाळाला हात लावला. त्याच्या लिनक्सचं आजवर कुणी केलेलं हे पहिलं कौतुक होतं.

"आता मला एक सांग," काका म्हणाले. "हे इंटरनेट आपल्या घरी येल काय?"

"नाय. त्याला फोनची लाइन लागते."

"आपल्याकडं फोन नाय."

"नाय."

"म्हंजे निळं काय आणि कोल्हा काय, आपल्या घरी दोन्ही चालायचं नाय. मग त्या गरीब माणसाशी भांडलास कशाला?"

प्रज्वलने भज्यांची बशी उगाच फिरवली. त्याला रडू येईल असं वाटलं आणि बहिणीसमोर ते फारच वाईट दिसलं असतं. मग हळूच म्हणाला, "मशीन नव्हती काका. म्हणून बोलत रायलो. बोलायचं थांबलो असतो तर मला काय तरी येतंय असं कुणाला वाटलंच नसतं."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. यंदा काकांनाही बैलांबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. त्यांनी उरलेली भजी प्रज्वलच्या पुढ्यात सारली, तो खाईपर्यंत थांबले आणि टोपी सारखी केली.

"ऐकीव खोड आमी धरत नाय," ते म्हणाले. "ऊठ."

दुकानात मघाचीच पोरं होती. तिघं परत शिरताच सगळे गेम थांबले. काकांनी प्रज्वलला मशीनसमोर उभं केलं. "पाठीवर थाप मार. आणि चारचौघांत बोल, मनाला बसला."

प्रज्वलने डब्यावर हात ठेवला. आतला पंखा फिरत होता आणि पत्रा कोमट लागत होता. दोन वर्षांत त्याने स्वतःच्या म्हणाव्या अशा कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. एकदम त्याला वाटलं की हे मशीन फार सुंदर आहे आणि आपण त्याच्याबद्दल किती वाईट बोललो.

"मनाला बसला," तो म्हणाला.

साईनाथ गरीब असला तरी संत नव्हता. "विंडोजसकट?"

"विंडोजसकट."

"मदरबोर्डवरच्या कार्डासकट?"

"त्याच्यासकट."

"आणि निळ्या ई सकट?"

पोरं श्वास रोखून बघत होती. यातल्या प्रत्येकाला प्रज्वलने कधी ना कधी मेंढरू म्हटलं होतं. त्याने एकदा काकांकडे बघितलं. काकांनी चंची पुन्हा बाहेर काढली होती.

"ब्येस ब्राउझर हाय," प्रज्वल म्हणाला आणि डब्यावर सणसणीत थाप मारली. पडदा क्षणभर थरथरला. साईनाथने घाईघाईने मशीन बंद केलं.

परतीच्या जीपमध्ये मॉनिटरचं खोकं नम्रताच्या मांडीवर होतं आणि डबा प्रज्वलच्या. गोणपाटात गुंडाळलेला कीबोर्ड काकांनी कुणाला दिला नाही.

"थाप मारलीस," काका म्हणाले. "आता त्याची खोड तोंडातून काढायची नाय. कुणी विचारलं तरी नाय."

"नाय काढणार."

जीप हायवे सोडून खडबडीत रस्त्याला लागली. 

"माझा पयला बैल होता," काका म्हणाले, "ओढा आला की मधोमध बसायचा. गाडीसकट. भात भिजायचं, माणसं भिजायची, हा बसून रायचा. तुझा आजा जाईपर्यंत त्याला मी ही खोड कळू दिली नाय. दर वेळेला मीच काय ना काय चुकलो बोलायचो."

"घेतल्यावर कळलं तुमाला?"

"घ्यायच्या आधी. बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी डोळ्यांनी बसलेला बघितला होता."

प्रज्वल डबा सावरून त्यांच्याकडे वळला. "मग खोड मनात बसलेली असताना घेतलात कशाला?"

"मला पायजे होता तो," महिपतकाका म्हणाले.